चिंचेच्या वळणावरची पासोडी

मित्रांनो, मी एक जुनी पासोडी आहे. कुणी मला चादर म्हटलं की माझं डोकं फिरतं. चादर म्हणजे बाजारातून आणायची आणि दोन वर्षांत तिचं पोतेरं करायचं. मी इंदापूरच्या मागावर विणलेली, दुपदरी, जाड, पांढरीशुभ्र पासोडी. दोन पट्टे मधोमध जोडून मला केलं, म्हणून माझ्या अंगावरून वरपासून खालपर्यंत एक शिवण जाते. ही शिवण ध्यानात ठेवा.

माझी धनीण द्वारकाबाई. तिनं मला आणलं तेव्हा तिचा बिरदेव पोटात होता. पुढं तो जन्मला, आणि तो चालू लागायच्या आत त्याचा बाप गेला. मायलेकरं माझ्याखाली झोपायची. पोरगं थंडीत पाय आखडून आईच्या पोटात शिरायचं आणि मी दोघांना पुरून उरायची. द्वारकाबाईनं एकटीनं मळा राखला, वांगी-कांदा पिकवला, लेक वाढवला. तिची जीभ विळ्यासारखी. गावात तिच्याशी भांडायला पाटीलसुद्धा दोनदा विचार करायचा. पण लेकाचं नाव निघालं की तीच जीभ लोण्याची.

आमचं गाव पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला. इंदापूरहून येताना उजव्या हाताला एक जुनी चिंच लागते. तिथं डांबरी रस्ता ओलांडला की गावाची वाट. बाजारातून परतताना गाडी रिकामी, ऊन डोक्यावर. मग गाडीवान कासरा गुंडाळून ठेवायचा आणि आडवा व्हायचा. बैल चिंचेपाशी आपोआप वळायचे. ही आमच्याकडची रीतच होती, आणि तिचा सगळ्यांना अभिमान होता.

सत्तावन्न साली सुगी झाल्यावर सरकारची सिनेमाची गाडी गावात आली. गाडीबरोबर गुलजार नावाचा मशीनवाला होता. त्याचा पडदा आधीच्या गावात एका बुजलेल्या बैलानं शिंग घालून फाडला होता. बिचारा दारोदार पांढरं कापड मागत फिरत होता. कुणी धोतर आणलं, कुणी पटका.

"धोतरावर सरकार दाखवतूस व्हय रं?" द्वारकाबाई म्हणाली आणि तिनं मला पेटीतून काढलं. "ही घे. पर बिडीचं भोक पडलं तर तुझ्या पाठीचं कातडं काढून ठिगळ लावीन."

"मावशी, बिडी मी सोडली."

"कवा?"

"आत्ताच, तुमचं बोलणं ऐकून."

दोन बांबूंमध्ये मला ताणलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मी फुगले. अख्खा गाव माझ्याकडे बघत होता.

सिनेमा रस्त्यांचा होता. आधी परदेशातले रस्ते आले. नदीच्या पात्राएवढे रुंद, आणि त्यांवर नुसत्या मोटारी धावत होत्या. लोक माना उंचावून बघू लागले. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "आरं, येवढा रस्ता केला, आन् म्हसरं कुठनं पार करायची?"

"म्हसरं न्हाईत त्यांच्यात."

"मग दूध कशाचं पित्यात? पेट्रोलचं?"

असा हशा पिकला की माझे बांबू हलले.

मग आपल्याकडचे रस्ते आले. एक ट्रकवाला पुढचं काही दिसत नसताना दुसऱ्या ट्रकला मागं टाकत होता. त्याबरोबर सगळे गाडीवान ओरडले, "बघा! ह्ये असंच करत्यात! मेले माजल्यात!" पुढच्या रांगेत झुंबर बसला होता. झुंबर आमच्याच गावचा, इंदापूरच्या एका अडत्याचा ट्रक चालवायचा. बिरदेवचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं मान खाली घातली.

पाठोपाठ माझ्या अंगावर एक बैलगाडी आली. गाडीवान आत झोपलेला, बैल आपले चाललेले. ते माझ्या शिवणीपाशी आले, ती ओलांडली, आणि समोरून ट्रक आला. आता झुंबर मांडीवर थाप मारून उठला.

"बिऱ्या, बघ रं, तुझा फोटू काढलाय सरकारनं!"

"गप ए," बिरदेव हसत म्हणाला. "त्यो माझ्यापरीस जास्त घोरतुय."

सिनेमातला आवाज सांगत होता की गाडीवानांनो, रस्त्यावर झोपू नका. तेवढ्यात द्वारकाबाई उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून तिनं गुलजारला विचारलं, "काय रं, आमच्या बैलास्नी घर ठावं हाय. तुज्या मोटारीला हाय का?"

गाव नुसतं लोळलं. पुढं कितीतरी दिवस पाणवठ्यावर, पारावर, बाजारात लोक हेच वाक्य म्हणत होते. द्वारकाबाईला त्याचा केवढा तोरा! त्या संध्याकाळी गाडीवान ट्रकवाल्याला हसले, ट्रकवाला गाडीवानाला हसला. स्वतःला मात्र कुणी हसलं नाही.

एकटी सारजा हसली नव्हती. सारजा म्हणजे बिरदेवची बायको, सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं. दर बाजाराला ती गाडी जुंपताना म्हणायची, "अवं, झोपायचं तर झोपा. पर चिंचेपाशी तरी जागं व्हा."

"सोन्या-पाखऱ्या हायेत की," बिरदेव बैलांच्या पाठीवर थाप मारायचा. "आयेचं ऐकलं न्हाईस व्हय? त्येंस्नी घर ठावं हाय."

"आत्याबाईंचं ऐकलं. आता माजं ऐका."

"ऐकलं," तो म्हणायचा, आणि निघायचा.

चैत्रातली गोष्ट. वांग्यांना ऊन लागू नये म्हणून सारजानं पाट्यांवर मला पसरलं होतं. बाजार चांगला झाला. परतताना बिरदेवनं सारजासाठी घेतलेल्या बांगड्या पटक्याच्या टोकाला बांधल्या, आणि मला अंगावर ओढून झोपला. अगदी लहानपणी झोपायचा तसा, पाय आखडून.

मागून एक ट्रक आला. त्या ड्रायव्हरनं बैलगाडी बघून वेग कमी केला. त्याच्याही मागं दुसरा ट्रक होता. त्याला पुढची बैलगाडी दिसत नव्हती आणि थांबायचा धीर नव्हता. त्यानं भोंगा वाजवला आणि ट्रक उजवीकडून बाहेर काढला. त्याच वेळी चिंच आली. सोन्या-पाखऱ्याला घर ठाऊक होतं. ते वळले.

मित्रांनो, कापडाला तोंड असतं तर मी त्याला उठवलं असतं. मी त्याच्या कानाशीच होते.

दुसऱ्या ट्रकवर झुंबर होता.

त्यानंच आपल्या सोबत्याला माझ्यात गुंडाळलं. त्यानंच घरी आणलं. पण त्याच्याआधी सोन्या पोचला होता. पाखऱ्या रस्त्यावरच पडला. सोन्या मोडकं जू गळ्यात घेऊन रोजच्या वाटेनं चालत आला आणि रोजच्या जागी उभा राहिला. सारजानं त्याला एकट्याला बघितलं आणि हातातली घागर सोडली.

झुंबर अंगणात गुडघ्यांवर बसला. "काकू, म्या भोंगा दिला हुता," तो परत परत म्हणत होता. "म्या भोंगा दिला हुता, काकू."

सगळ्यांना वाटलं, आता द्वारकाबाई त्याला शिव्यांनी सोलून काढील. पण तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती सोन्याकडे बघत राहिली. संध्याकाळी झुंबर आपल्या पायांनी इंदापूरच्या फौजदाराकडे गेला.

रीतीप्रमाणे मला मसणवटीतच टाकायचं होतं. द्वारकाबाईनं टाकू दिलं नाही. कालव्यावर तिनं मला धुतलं, घासलं, पुन्हा धुतलं. शिवणीच्या कडेला तळहाताएवढा डाग राहिला तो राहिलाच. मग मी पेटीत पडले. वर्षभर पेटीचं झाकण कुणी उघडलं नाही. घरात बोलणं ऐकू यायचं नाही. गावातही ते वाक्य पुन्हा कुणी म्हटलं नाही.

दुसऱ्या वर्षी सिनेमाची गाडी परत आली. गुलजारकडे आता नवाकोरा पडदा होता. तो उभारत असताना द्वारकाबाई मला खांद्यावर टाकून आली.

"ह्येच्यावर दाखव."

गुलजारला तोवर कुणीतरी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मावशी, नको. मी दुसरा सिनेमा लावतो. शेतीचा आहे, पेरणीचा आहे."

"त्योच लाव. ह्येच्यावरच."

सिनेमा लागला. परदेशातले रस्ते आले नि गेले. ट्रकवाला आला, तरी गाडीवान ओरडले नाहीत. मग ती बैलगाडी आली. आत झोपलेला माणूस, आपले चाललेले बैल. शेजारच्या गावातून आलेली चारदोन माणसं खो खो हसली. त्यांना काय ठाऊक?

द्वारकाबाई उठली. लोकांतून वाट काढत ती माझ्याकडे आली. बैल शिवणीपाशी पोचत होते. तिनं हात वर केला आणि त्या झोपलेल्या माणसावर ठेवला.

"ऊठ रं बिरू," ती म्हणाली. "ऊठ माज्या लेकरा. चिंच आली."

बैलांनी शिवण ओलांडली. सिनेमातला ट्रक तिच्या पाठीवरून, तिच्या लुगड्यावरून गेला. गुलजारनं मशीन बंद केलं. अंधारात सारजानं येऊन तिला धरलं, पण तिचा हात माझ्यावरून काही निघेना.

त्यानंतर मी पेटीत गेले नाही. दर बाजाराच्या दिवशी दुपारी द्वारकाबाई मला चिंचेखाली अंथरते आणि माझ्यावर बसते. झोपलेल्या गाडीवानाची गाडी दिसली की तिची जुनी जीभ परत येते.

"ऊठ ए मुडद्या! बायकूचं कुंकू पुसतूस व्हय? ऊठ, न्हायतर दगुड घालीन!"

ट्रकवाल्यांनाही ती सोडत नाही. काठी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते. तिला बघून ते वेग कमी करतात. तिला वेडी म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणोत. तिनं उठवलेले गाडीवान घरी पोचून भाकरी खातात.

गाड्या संपल्या की ती मला झटकते. घडी घालताना डागावर हात आला की जरा थांबते.

मी आता विरले आहे. काठ फाटले आहेत. माझं ऐकायचं असेल तर आत्ताच ऐका. तुमच्या गाडीला बैल असोत नाहीतर इंजिन, वळणावर डोळे उघडे ठेवा आणि पुढचं दिसत नसेल तर थांबा. बैलाला घर ठाऊक असतं. मागून कोण येतंय ते ठाऊक नसतं. मित्रांनो, तुम्हाला उठवायला प्रत्येक चिंचेखाली कुणाची आई बसलेली नसते.