शिफारसपत्र

१९७४ साली डॉ. चारुलता मुंबईहून अणुवैद्यक, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी रोग शोधायची विद्या, शिकून नागपूरच्या मेडिकल कॉलेजात आल्या, आणि आजवर सर्जन कृष्णकांतांच्या मागेमागे फिरणारी पोरं चारुलतांच्या खोलीत गर्दी करू लागली. कृष्णकांतांचा नुसता जळफळाट होई. त्यांचा लाडका विद्यार्थी, भिवापूरचा रविंद्र, तिकडे रमला तेव्हा तर त्यांनी चक्क थाप मारली, "त्या किरणांनी तुला पोरंबाळं व्हायची नाहीत."

रविंद्रने सरळ चारुलतांनाच विचारलं. त्यांनी किरण मोजणारा आपला छातीवरचा बिल्ला आणि त्यावरच्या वर्षभराच्या नगण्य मात्रेच्या नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या. त्याची भीती गेली.

आठवड्याने तो कृष्णकांतांकडे आला. "सर, मी मुंबईले तेच शिकाले जाऊन राहिलो. तुमचं शिफारसपत्र पाहिजे."

"बाईंकडून घे की!"

"त्यायनंच पाठवलं. म्हणाल्या, तुले घडवलं तुह्या सरांनी, पत्रही त्यायचंच पाहिजे."

कृष्णकांतांची मान खाली गेली. "किरणांचं ते मी खोटं बोललो रे," ते पुटपुटले.

"मले मालूम हाय, सर."

पत्र त्यांनी भरभरून लिहिलं. पण ते घेऊन रविंद्र आधी चारुलतांना दाखवायला धावला, तेव्हा कृष्णकांतांच्या पोटात पुन्हा दुखलंच.