खाणीवरचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, मला आता आवाज नाही. माझा दांडा काढून ठेवलाय, आणि दांड्याशिवाय हाताने फिरवायचा भोंगा म्हणजे नुसतं लोखंडी नरसाळं.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला, लढाईच्या दिवसांत. शत्रूची विमानं आली की ओरडायचं आणि लोकांना घरात पिटाळायचं, एवढ्यासाठी मला घडवलं होतं. पण ती वेळ माझ्यावर आलीच नाही. लढाई संपली, मी गोदामात धूळ खात पडलो आणि एके दिवशी जुन्या सामानाबरोबर ट्रकातून गोव्यात उतरलो. गोवा मुक्त होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. डिचोलीजवळच्या एका खाणीने मला विकत घेतलं आणि टेकडीवर, तांबड्या धुळीत, खांबाला जखडलं.

काम तेच, ओरडायचं. इथे मात्र बॉम्ब वरून पडत नव्हता, जमीनच खालून फुटायची. दुपारी सुरुंगाचे बार उडाले की टेकडीखालच्या घरांच्या मातीच्या भिंती हादरायच्या, कौलं घसरायची. म्हणून गावाने एक रीत पाडून घेतली. मी वाजलो की बायका चुलीवरचं भांडं उतरवायच्या, फळीवरच्या बरण्या खाली घ्यायच्या, म्हाताऱ्यांना हाताला धरायच्या आणि सगळी माणसं खळ्यात, म्हणजे अंगणात, उघड्यावर येऊन बसायची. बार झाले, धूळ बसली की परत घरात.

मला फिरवायचा भिकाजी. दोडामार्गाकडून मजुरीला आला आणि खाणीचा राखणदार झाला. त्याचं घर पायथ्याशीच होतं. बायको सुलोचना आणि एकुलती लेक शेवंती. शेवंती चालायला लागली तेव्हापासून त्याने तिच्या डोक्यात एकच गोष्ट भरली.

"बाय, भोंगो वाजलो काय घरात ऱ्हवचा नाय. हातातला टाकून खळ्यात येवचा. माका हयसून तू दिसाक व्हयी."

आणि ती यायची. अर्ध्या जेवणावरून उठून यायची, तापाने फणफणलेली असली तरी यायची. तिचा झगा खळ्यात दिसला की मगच भिकाजी दांडा सोडायचा.

त्याच्या चौकीत एक रेडिओ होता. माझ्या भावंडांच्या बातम्या मी तिथेच ऐकल्या. अमेरिकेची विमानं व्हिएतनामवर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकत होती आणि हनोईत भोंगे वाजत होते. शेजारच्या लाओसवर, कंबोडियावरही बॉम्ब पडत होते. तिथल्या रानातल्या खेड्यांना सावध करायला भोंगाही नसेल, असं मनात आलं की माझ्या पात्यांना कापरं भरायचं. मध्ये थोडी वर्षं बरी गेली आणि मग लिबियाचं नाव आलं. भिकाजी विडी विझवत म्हणायचा, "टाकणारो तोच. गाव तेवढो नवो." ते देश त्याला नकाशात दाखवता आले नसते. पण बार झाल्यावर छपराकडे बघणारी माणसं त्याने रोज पाहिली होती, त्यामुळे त्याला ते परके वाटत नसत.

शेवंतीला पेडण्याकडे, इब्रामपूरच्या गोकुळदासाला दिली. काजूची बाग एवढीशी आणि वाटेकरी भाऊ भरपूर, म्हणून तो स्वयंपाकी होऊन बगदादला एका कंपनीत गेला आणि पुढे तिलाही घेऊन गेला. आखातात युद्धाचं वारं सुटलं तसे पुष्कळ लोक परत आले. ह्या दोघांचे पासपोर्ट मात्र कंपनीच्या साहेबाकडे अडकून पडले होते.

एक्याण्णव सालचा जानेवारी होता. भिकाजी नेहमीसारखा मला फिरवत होता आणि चौकीत बातम्या चालल्या होत्या. अमेरिकेच्या विमानांनी बगदादवर बॉम्ब टाकले, शहरभर भोंगे वाजले, असं निवेदक शांतपणे सांगत होता. खाली बायका खळ्यात येऊन बसत होत्या. भिकाजीने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात दांड्यावरच थिजला. माझा आवाज घरंगळत खाली आला.

"सुलोचना!" तो वरूनच ओरडला. "आपला चेडू, शेवंती, भायर येतला गो! भोंगो वाजलो काय तां भायर येतला!"

एवढी भीती मी कुणाच्या आवाजात ऐकली नव्हती, माझ्या स्वतःच्याही नाही.

तसाच तो डिचोलीच्या पोस्टात धावला. फोन लागेना, तारही जाईना. तिकडच्या सगळ्या लाइनी तुटल्या होत्या. संध्याकाळी परत आला तो घरी न जाता माझ्यापाशी आला. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि आत वाकून म्हणाला, "बाय, आत ऱ्हव. खळ्यात येव नको. बाबा सांगता, आत ऱ्हव."

माझ्या पोटात तो आवाज घुमला आणि तिथेच विरला. मी लोखंड असून मला रडू आलं.

फणस पिकायला लागले तेव्हा शेवंती आली. एकटी आली, गोकुळदासाविना. खळ्यात बापासमोर बसून तिने सांगितलं ते मी टेकडीवरून ऐकलं.

"पयल्या खेपेक मी भायर धावलंय, तेनी ओढून आत व्हेल्यान. हसलो. म्हणालो, ही तुज्या बापाशीची खाण नाय गो. मगे दर खेपेक माजो हात धरून बसायचो. त्या सकाळी मी पीठ मळी होतंय. भोंगो झालो. बाबा, पाय आपसूक गेले. तो मागसून इलो. माका दारातसून आत ढकलल्यान, नि तो भायरच ऱ्हवलो."

भिकाजी तिच्या पायांकडे बघत राहिला. ते पाय त्यानेच शिकवून तयार केले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाजलो. अख्खा गाव बाहेर आला आणि शेवंती आत पळाली. भाताच्या कणगीमागे अंगाचं मुटकुळं करून बसली. सुलोचना तिला ओढायला आत गेली, तेवढ्यात बार झाला आणि कौलं सुलोचनाच्या खांद्यावर आली. हाड मोडलं नाही, हेच नशीब. असं रोज व्हायला लागलं तर एक दिवस लेक आणि बायको दोघी त्या घराखाली जाणार, हे भिकाजीला दिसत होतं. तो फोरमनकडे गेला, भोंगा बंद ठेवू द्या म्हणाला. फोरमन भला माणूस, पण भोंग्याशिवाय बार कसे उडवणार? बाकीची घरंही होतीच ना.

मग भिकाजीने शेवंतीला हाताला धरून टेकडीवर आणलं. तिचे हात माझ्या दांड्यावर ठेवले, वर स्वतःचे ठेवले.

"तूच वाजव. वाजवणाऱ्याक पळाक गावणा नाय."

माझा आवाज तुटक तुटक निघाला. पण ती पळाली नाही. त्या दिवसापासून बापाचं काम तिने घेतलं. पुढे भिकाजी वारला आणि चौकीत ती बसू लागली. रेडिओवर सर्बियाचं नाव आलं, अफगाणिस्तानचं आलं. विमानं त्याच देशाची. ती उठून रेडिओ बंद करायची आणि पदराने हात पुसत राहायची.

दोन हजार तीन साली मार्चमध्ये, बारांच्या वेळेला, चौकीबाहेर थांबलेल्या एका ट्रकातल्या रेडिओने सांगितलं, बगदाद. शेवंती मला फिरवत होती. खाली बायका बाहेर यायला लागल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं मात्र, आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "भायर येव नकात! आत ऱ्हवा! आत जावा!"

बायका उंबऱ्यात थबकल्या. दोघी-तिघी आत वळल्यासुद्धा. तिकडे सुरुंगाच्या वाती पेटल्या होत्या. तिचे हात मला फिरवतच होते आणि तोंड मलाच खोटं पाडत होतं.

तेव्हा सुलोचना काठी टेकत घरातून निघाली. खळ्याच्या मधोमध जाऊन बसली आणि दोन्ही हात वर केले.

"शेवंते, माका बघ! मी भायर आसंय! ह्यां बगदाद न्हय गो!"

तिला बघून सगळ्या बाहेर आल्या. बार झाला. शेजारच्या घराचं अर्धं छप्पर आत कोसळलं, आणि आत कुणीही नव्हतं. शेवंतीने माझा दांडा उपसून काढला, पदरात गुंडाळला आणि ती टेकडी उतरून गेली.

मग खाणीने विजेचा भोंगा आणला, आणि पुढे खाणीच बंद पडल्या. भंगारात निघालेल्या मला शेवंतीने मागून घेतलं. आता मी इब्रामपूरला, गोकुळदासाच्या बागेत, काजूखाली पडून असतो. माझ्या तोंडात मुंग्यांनी घर केलंय. घरात टीव्ही आहे. त्यावर अजून नवनवीन गावांची नावं येतात, आणि तसं नाव आलं की शेवंती उठते, कणगीमागे हात घालते आणि दांडा जागेवर आहे ना, ते चाचपून बघते.

शेजारपाजारची मंडळी हौसेने म्हणतात, एकदा वाजवून बघूया. तुम्हीही कधी इकडे आलात तर तुम्हालाही वाटेल. हात जोडतो, तो दांडा मागू नका. मी ओरडलो तर ती आत धावेल की बाहेर, हे तिचं तिलाही सांगता येत नाही. दांडा तिच्यापाशीच राहू द्या.