बाईंचा खोकला

पहिल्या बाकावरून पाळकबाई खोकल्या, तसं चर्चच्या पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या उंच ओट्यावर, उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याने पवित्र शास्त्राचं पान उलटलं.

सहा महिने हे असंच चाललं होतं. पाळकसाहेबांची नजर गेली होती, आणि हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. शनिवारी बाई शास्त्रपाठ पाच-सहा वेळा वाचून दाखवायच्या, साहेब तो पाठ करायचे, आणि रविवारी पान संपलं की बाई खोकायच्या. मंडळीला वाटायचं, बाईंची छातीच नाजूक. तीन घरांतून औषधाच्या बाटल्या आल्या होत्या, आणि त्या बिचाऱ्या भिडेखातर दोन-दोन चमचे घ्यायच्यासुद्धा. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. तेवढे निभावले तर चर्चने दिलेलं राहतं घर तोवर टिकणार होतं आणि मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष पार पडणार होतं.

मध्यंतरी साहेब वाचताना अडखळले, तेव्हा बाईंनीच चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांना थाप मारली होती, "वर उजेड कमी पडतो हो." झालं. पंचांनी हौसेने मंडळीतल्याच वायरमनला बोलावून पुलपिटावर नवा दिवा लावून घेतला. त्यातच काचा बदलायच्या म्हणून पुढच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. दिवा नसता, तर तिथे भरदिवसा काळोखच असता.

आजचा पाठ होता वाटेत आकाशातून प्रकाश पडला आणि देवाची वाणी ऐकून जो तीन दिवस आंधळा राहिला, त्या माणसाचा. साहेब रंगात आले होते. प्रकाश चमकला तिथवर ते आले, आणि डोक्यावरचा नवाकोरा दिवा विझला.

बाई बाकावरून अर्धवट उठल्या आणि परत बसल्या. थांबा म्हणून कसं सांगणार? खूण एकच ठरलेली, खोकल्याची, आणि तिचा अर्थ पान उलटा. साहेब खणखणीत आवाजात वाचत राहिले, बोट ओळीवरून फिरत राहिलं. मागे कुजबूज उठली आणि हळूहळू थांबली. कुणीतरी मुसमुसत होतं.

उपासना संपताच वायरमन पुढे धावला.

"होल्डर सैल राहिला, बाई. माझंच चुकलं."

बाईंनी त्याला हातानेच गप्प केलं. पायऱ्या चढून त्या साहेबांच्या कानाशी लागल्या.

"वाचताना दिवा गेला होता. सगळ्यांनी पाहिलंय. कुणी काही म्हटलं तर नुसतं हसा."

साहेबांनी मान हलवली.

थोरले पंच काठी टेकत वर आले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण आज चालीत निराळाच जोर होता. बाकीची मंडळी खाली दाटीवाटीने उभी होती, घरी जायचं कुणी नाव घेईना. म्हाताऱ्याने साहेबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"साहेब, बाहेरचा दिवा गेला आणि देवाने तुम्हाला आतला दिला. या डोळ्यांनी पाहिलं मी." त्यांनी तो हात कपाळाला लावला. "सून महिनाभर तापाने अंथरुणाला खिळलीय. उद्या दवाखान्यात न्यायची होती. आता नाही नेत. तुम्ही चला, तिच्या डोक्यावर हात ठेवा, बास."

"येतो म्हणा," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी साहेबांची बाही ओढली.

साहेब हसलेही क्षणभर. मग त्यांनी आपला हात सोडवून घेतला.

"दिवा गेला होता?" शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं. "मला कळलंच नाही हो, बाबा."

म्हाताऱ्याने आपला पंजा साहेबांच्या डोळ्यांसमोर नेला, हळूच हलवला आणि खाली घेतला.

बाईंना आधी संतापच आला. घर, पोरगी, अकरा महिने. निदान मला विचारायचं तरी होतं. साहेब पुलपिटाच्या कडेला पायाने पायरी चाचपत उभे होते, आणि एवढ्या माणसांत कुणी जागचं हलत नव्हतं. एरवी बाई त्यांच्या कोपराला नुसतं बोट लावायच्या, तेही कुणाला दिसू नये अशा बेताने. आज त्यांनी नवऱ्याचा हात उचलून सरळ आपल्या खांद्यावर ठेवला.

"सुनेला दवाखान्यात न्या, बाबा," त्या म्हणाल्या. "उद्या नको, आजच न्या."

मग सगळ्यांदेखत, न खोकता, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तीन पायऱ्या आहेत. ही पहिली."