दंडावरची खूण

शुक्रवारी दवाखान्यातल्या बाईनं कायलाच्या हातावर, कोपराच्या खाली आतल्या बाजूला, टीबीच्या चाचणीची बारीक सुई टोचली, तेव्हा मुंगी चावल्याएवढाच फुगवटा आला होता आणि तोही घरी पोचेपर्यंत बसला होता. रविवारी सकाळी मात्र ती लांब बाह्यांचा स्वेटर घालून चर्चमध्ये बसली. आत गर्दीनं उकडत होतं, शेजारची बाई प्रार्थनेच्या कागदानं वारा घेत होती, तरी कायलानं बाही वर केली नाही. हात ठणकत नव्हता, पण खाजत होता. काल रात्री न्हाणीघरात तिनं पाहिलं होतं: लाल, टणक, मोठ्या नाण्याएवढी गाठ. ती गाठ पाहिल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

कायला बारावीत होती आणि नर्सिंगच्या पदवीची जागा तिला शाळेत असतानाच मिळाली होती. कॅलिफोर्नियातलं नर्सिंग ज्याला माहीत नाही त्याला यात विशेष वाटणार नाही. इथला सरळ रस्ता असा की शाळा संपवा, कॉलेजात वर्षानुवर्षं शरीरशास्त्र आणि रसायन घोका, मग अर्ज टाका आणि आपलं नाव निघतंय का याची वाट बघत म्हातारे व्हा. तिची मावसबहीण जनेल अशी चार वर्षं ताटकळली, तेव्हा कुठे तिला जागा मिळाली. आता ती नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते. कायलासारखी मोजकीच मुलं शाळेतून थेट उचलली जातात. रोवेनानं, म्हणजे कायलाच्या आईनं, ही बातमी व्हालेहो गावभर अशी पसरवली की मासळीवालासुद्धा कायलाला 'नर्सबाई' म्हणून हाक मारायला लागला.

पण जागेला अट होती. एप्रिलपासून मुलांना कामाच्या ओळखीसाठी इस्पितळात न्यायचं म्हणून तब्येतीचे सगळे दाखले सोमवार संध्याकाळपर्यंत पोचले पाहिजेत, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. बाकी सगळं गेलं होतं. टीबीचं तेवढं राहिलं होतं, आणि तेही रोवेनाच्या चालढकलीमुळे. "मिलाटिटा आहे की आपली," असं ती महिनाभर म्हणत होती.

मिलाटिटा म्हणजे मिलामावशी, रोवेनाची थोरली बहीण, मोठ्या इस्पितळातली जुनी नर्स. या खानदानात नर्स नसलेला प्राणी शोधायचा तर कुत्र्यापर्यंत जावं लागेल. त्यामुळे कुणाच्याही हातावरची चाचणी वाचायची झाली की ती रोवेनाच्या स्वयंपाकघरात, त्याच एका टेबलावर, जेवणाच्या आधी वाचली जाई. टिटाची सही चालायची. आणि टिटा सगळ्यांचं एकच लिहायची: शून्य. फुगलेल्या हातालाही शून्य. कुटुंब मूळचं फिलिपिन्सचं, आणि तिथे जन्मलेल्या प्रत्येकाला तान्हेपणी टीबीची लस टोचतात, त्या लशीनं चाचणी फुगते, त्यात घाबरण्यासारखं काय, असं तिचं ठाम मत. उगाच एक्स-रे, उगाच फेऱ्या. आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं, निदान कुणाला कळलं नव्हतं.

दुपारी टिटा आली ती पान्सितच्या शेवयांचं मोठं ताट घेऊनच. "कुठाय आमची नर्सबाई? ये, हात दाखव, मग जेवू. भुकेनं जीव जातोय माझा."

कायलानं बाही वर केली. टिटाची भुवई जराशी हलली, पण तोंड चालूच राहिलं. तिनं पर्समधून पेन काढलं आणि त्याचं टोक कातडीवरून गाठीच्या दिशेनं हळूहळू सरकवत नेलं. पेन अडलं तिथे रेघ. मग दुसऱ्या बाजूनं तसंच. "लाल दिसतं ते मोजायचं नसतं गं, टणक लागतं ते मोजायचं. शिकून घे, पुढे कामाला येईल." तिनं पट्टी लावली. "सोळा मिलिमीटर."

"सोळा म्हणजे?" रोवेना शेगडीपाशी थबकली.

"म्हणजे लस. तुझी अठरा आली होती, आठवतं का? रडून घर डोक्यावर घेतलं होतंस." टिटा खदखदून हसली. "लिहिते शून्य. आण तो कागद."

कायलाला एकदम हलकं वाटलं. काल रात्रीपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि तिला चक्क भूक लागली. तिनं ताटातली कोळंबी उचलून तोंडात टाकली.

"बघ, बघ, लागली चरायला," टिटा म्हणाली. "तुझ्या आईची खूण बघितलीस का कधी? टोचणारा प्यायलेला असावा. दाखव गं."

रोवेनानंही हसत ब्लाउजची बाही वर केली. डाव्या दंडावर वाटाण्याएवढा, सुरकुतलेला पांढरा डाग. टिटानं आपला दाखवला, तो जरा लहान. "आणि हिचा कुठाय?" म्हणत टिटानं कायलाच्या स्वेटरची बाही खांद्यापर्यंत सरकवली.

दंड गुळगुळीत होता.

टिटानं दुसरा दंड पाहिला. तोही तसाच. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"पुसली असेल," रोवेना घाईघाईनं म्हणाली. "कुणाकुणाची पुसते."

"रोवेना, ही पोर इथे जन्मली. माझ्यासमोर जन्मली. इथे ती लस देतच नाहीत."

कायलाच्या तोंडातली कोळंबी तोंडातच राहिली. लस नाही तर गाठ लशीची नाही. गाठ लशीची नाही तर तो जंतू तिच्या अंगात खरोखरच कुठून तरी आला होता. ती शाळा, चर्च आणि घर सोडून कुठे जात नव्हती.

तेवढ्यात पुढच्या खोलीत लोलो खोकला.

तिघींपैकी एकीनंही मान वळवली नाही. लोलो, म्हणजे आजोबा, रोवेना आणि मिलाचा बाप आर्सेनियो, गेल्या शरदातल्या वणव्यांपासून खोकत होता. धूर छातीत बसला, असं सगळेच म्हणत. पण धूर जाऊन कितीतरी महिने झाले होते. मागच्या आठवड्यात लोलोनं खिळ्यानं पट्ट्याला नवं भोक पाडलं, तेव्हा कायलाच म्हणाली होती, "लोलो, तुम्ही हिरो व्हायला निघालात की काय?" आणि दोघं हसले होते. आता ते हसणं आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

आणि पुढच्या खोलीत लोलो एकटा नव्हता. रोवेनाचं घर म्हणजे वृद्धांचं घर होतं. पुढच्या खोल्यांत सहा म्हातारी माणसं सांभाळायची आणि मागच्या दोन खोल्यांत स्वतःचा संसार. परवान्याची चौकट दारातच टांगलेली. लोलो दिवसभर त्या म्हाताऱ्यांत बसायचा.

रोवेनानं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मानांग, ताई, तू शून्य लिही."

"अगं..."

"लिही म्हणते ना! जागा उद्या जाते. एकदा तिची जागा पक्की होऊ दे, मग बाबांना मी गुपचूप डॉक्टरकडे नेते. परवाच नेते. आत्ता बोभाटा झाला तर सरकारी माणसं येतील, सगळ्यांचे हात टोचतील, घराला कुलूप लावतील. मग या सहा जणांना मी कुठे ठेवू? आणि फी कुठून भरू?"

"कुलूप लावतीलच असं नाही."

"लावणार नाहीत असं लिहून देतेस?"

टिटानं कागद जवळ ओढला. पेन तिच्या बोटांत होतं आणि कागद समोर. ती कायलाकडे बघायचं टाळत होती. इतकी वर्षं ज्या हातानं बिनदिक्कत शून्य ओढलं, तो हात आज टेबलावर नुसता पडून राहिला होता.

कायलाला ती जागा हवी होती. उगाच मोठेपणा कशाला द्यायचा, तिलाही तेच शून्य हवं होतं, आईपेक्षा काकणभर जास्तच. जनेलसारखी चार वर्षं दुकानात कपड्यांच्या घड्या घालत वाट बघायची तिची तयारी नव्हती. 'लिही ना टिटा,' हे शब्द ओठापर्यंत आले होते. एक दिवस. एका दिवसानं असं काय होणार होतं?

दाराच्या फटीतून पुढची खोली दिसत होती. लोलो मिसेस प्रुइटच्या चाकाच्या खुर्चीला गुडघा लावून बसला होता. मिसेस प्रुइट एक्क्याण्णव वर्षांच्या, हाडांचा सापळा, आणि आंबट संत्र्याची त्यांना भीती. म्हणून लोलो संत्र्याची फोड सोलायचा, अर्धी स्वतः चाखायचा आणि गोड निघाली तर उरलेली अर्धी त्यांच्या तोंडात घालायचा. रोजचं होतं ते. घरातल्या सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. आत्ताही त्यानं फोड चाखली, खोकला आला म्हणून तोंड बाजूला वळवलं, आणि मग उरलेली फोड पुढे केली. म्हातारीनं चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडलं.

"लोलो, थांबा!"

कायला कधी उठली, दार कधी उघडलं, तिचं तिलाच कळलं नाही. लोलोचा हात हवेतच राहिला.

"काय झालं? आंबट नाहीये गं, मी बघितली."

तिनं ती फोड त्याच्या बोटांतून काढून घेतली. दाराशेजारच्या खोक्यातून दोन मास्क काढले, एक स्वतःला लावला, दुसरा त्याच्यापुढे धरला. "हा घाला आणि माझ्याबरोबर बाहेर ओट्यावर चला. खुर्ची मी आणते."

"मला हाकलतेस? पत्त्यांत हरवलं म्हणून?" लोलो हसत म्हणाला. मग त्याचं लक्ष तिच्या उघड्या हाताकडे गेलं, पेनाच्या दोन रेघा आणि मधली लाल गाठ. तो गावाकडचा माणूस होता, त्याच्या लहानपणी गल्लीतली घरंच्या घरं या रोगानं बसलेली त्यानं पाहिली होती. तो हळूच म्हणाला, "माझ्यामुळे?"

"माहीत नाही, लोलो. बघायला पाहिजे."

"आणि तुझी जागा?"

"तेही माहीत नाही."

लोलोनं मास्क लावला. कानामागे दोरी त्यानं स्वतःच अडकवली, तिला मदत करू दिली नाही. मिसेस प्रुइट विचारत होत्या, माझं संत्रं कुठाय.

कायला स्वयंपाकघरात परतली तेव्हा टिटा तशीच बसलेली. "काय लिहू?" तिनं विचारलं.

"जे लागलं ते."

टिटानं सोळा लिहिलं आणि सही केली. रोवेनानं हातातला डाव सिंकमध्ये आपटला आणि ओट्याला टेकून हुंदके देत रडली. "सहा वर्षं झटले मी या घरासाठी," ती म्हणाली, "आणि दोघींनी मिळून एका दुपारीत संपवलं." पण रडणं ओसरल्यावर डॉक्टरला फोन तिनंच लावला. जेवण ताटात तसंच निवलं.

सोमवारी सकाळी कॉलेजचं कार्यालय उघडताच कायलानं फोन केला. टिटा रजा टाकून आली होती. लोलोला दवाखान्यात तीच नेणार होती. फोन टेबलावर मधोमध, आवाज मोठा केलेला. कायलानं सगळं एका दमात सांगितलं, गाठ, सोळा, घरातला खोकला, आणि डोळे मिटून घेतले.

पलीकडची बाई काहीतरी चघळत होती. "बरं. मग छातीचा एक्स-रे काढून पाठव. तुला खोकला, ताप काही नाही ना? एक्स-रे साफ आला तर गोळ्यांचा कोर्स घ्यायचा, बस. शुक्रवारपर्यंत मुदत वाढवून देते."

"आणि माझी जागा?"

"जागेचं काय? तुझीच आहे ती. दर वर्षी पाच-सहा मुलांचं असं येतंच गं. खरं सांगितलं की आम्ही वेळ देतो."

फोन ठेवल्यावर रोवेना आधी हसली आणि मग तोंडात पदरासारखा नॅपकिन कोंबून पुन्हा रडली. कायलानं तिला मिठी मारली. एवढंसंच होतं तर! एका एक्स-रेचा प्रश्न, आणि त्याच्या भीतीनं या टेबलावर इतकी वर्षं शून्यं ओढली गेली.

टिटा मात्र हसत नव्हती. ती आपल्या दंडावरचा डाग अंगठ्यानं चोळत होती.

"रोवेना," ती म्हणाली, "जनेलचा हात मी इथेच वाचला होता. दोन वर्षांपूर्वी."

"हो. चांगला फुगला होता. किती हसलो होतो आपण."

"जनेल कुठे जन्मली?"

रोवेनानं नॅपकिन खाली ठेवला. कायलानं आईचा हात घट्ट धरला. जनेल दोन गल्ल्या पलीकडे जन्मली होती.

टिटानं फोन उचलला. घंटी बराच वेळ वाजली. मग जनेलचा दबका आवाज आला, मागे तान्ह्या बाळांची रडारड. "टिटा, कामावर आहे गं मी. हातात बाळ आहे. नंतर बोलू?"

"नको, आत्ताच," टिटा म्हणाली. "बाळाला पाळण्यात ठेव, पोरी, आणि बाहेर ये. मला फक्त एवढं सांग, तुला हल्ली खोकला येतो का?"