एक जूनचे अंतर्ज्ञानी

दर्यापूरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. अंजनगाव, वलगाव, कुठून कुठून जीपा भरून माणसं आली होती. मंचावर अंतर्ज्ञानी बाबा डोळे मिटून बसले होते. भगवा फेटा पार कानांवर ओढलेला. पायरीशी उभा असलेला सेवक प्रत्येकाचा पास मोबाइलवर स्कॅन करी आणि भक्ताला पुढे ढकली.

“खुशालराव!” बाबा गरजले. “पिता भगवंतराव! जन्म एक जून, एकोणीसशे छप्पन्न! मधुमेह तुझं रक्त पितो आहे. रोज पोटात सुई टोचतोस. खरं की नाही?”

माझे सासरे, म्हणजे मामाजी, खालीच बसले. “बाबानं मले कधी पाह्यलं नाही, अन् पुरा जलम वाचला!”

“ती सुईच तुझी पीडा. आजपासून बंद! ब्रह्मांडाची ऊर्जा थेट तुझ्या स्वादुपिंडात सोडली आहे.”

ब्रह्मांडाला दुसरा उद्योग नसावा. पण सभागृह जयजयकाराने दणाणलं, आणि मामाजींनी इन्सुलिन सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांची जीभ कोरडी पडली. तांब्यावर तांब्या पाणी पीत होते, तरी तहान भागेना. साखर तपासली, चारशेच्या वर. मी हातापाया पडले. त्यांनी तोंड फिरवलं.

“बाबा खोटा असता त जन्मतारीख कशी सांगतली असती?” माझा नवरा नितेश म्हणाला.

“कोनती तारीख?” मामाजींची थोरली बहीण लीलाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली.

“एक जून.”

“जून? हा त पोळ्याच्या दिवशी झाला! बैल तोरनाखाली उभे, अन् इकडं माय कन्हून राह्यली होती. शाळेत घालताना मास्तरनं जून लिवला.”

मी शाळेत विज्ञान शिकवते. जुन्या माणसांच्या कागदांवरचा हा एक जून मी ढिगाने पाहिलेला. बाबांच्या दिव्यदृष्टीला खरा जन्मदिवस दिसत नाही, मास्तरांची चूक तेवढी दिसते?

“नितेश, पास कसा काढला?”

“ग्रुपवर लिंक आली होती. भक्त पडताळणी म्हनून. आधारचे फोटो टाकले, दोन्हीकून. बाबुजीचा चेहरा कॅमेऱ्यात दाखोला, मान इकडं, मान तिकडं, डोये मिचकोवले. मंग फोटो पाहायची परवानगी मांगतली. देल्ली.”

त्याच्याच मोबाइलमध्ये मामाजींच्या औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्यांचे, रिपोर्टांचे फोटो होते.

“आपन कोनाले देऊन राह्यलो, हे पाह्यलं का?” लीलाबाईंनी त्याला विचारलं.

“सरकारी दिसे न ते,” तो पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला होता.

मामाजी मात्र अडून बसले. “बाबा माह्या डोयासमोर चुकला, तरच सुई घेईन.”

थांबायला वेळ नव्हता. तशीच रिक्षा करून मंगल कार्यालय गाठलं, बाबांचा दरबार तिथे अजून चालूच होता. मामाजी माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होते, श्वास धापेचा. मी लीलाबाईंना थेट मंचापाशी नेलं.

“पास?” सेवकाने अडवलं.

“पास नाही, बापा. मोबाइलबी नाही.”

मी मोठ्याने म्हणाले, “बाबा, या बाईंचं फक्त नाव सांगा.”

बाबांनी डोळे घट्ट मिटले. सेवक मोबाइलवर नुसताच बोटं फिरवत राहिला. गर्दीत चुळबुळ सुरू झाली.

“माताजींभोवती मौनाचं वलय आहे,” अखेर बाबा म्हणाले.

“मी त बोलून राह्यली!” लीलाबाई म्हणाल्या, आणि मागून हशा उसळला.

“खुशालरावांचा जन्म पोळ्याचा,” मी म्हणाले. “आधारवर एक जून आहे. तुम्ही तोच वाचलात.”

अंजनगावचे कापडवाले अब्दुल रहीम ताडकन उठले. “मेरे को रहमान बोले थे! मैं समझा, बाबा प्यार से बोल रहे. माह्या कार्डावर रहमानच छापलं हाय, चुकीचं!”

“आधारवर एक जून असलेल्यांनी हात वर करा,” मी म्हणाले. जिकडेतिकडे म्हातारे हात वर झाले.

पुढचं पाहता पाहता घडलं. कोणीतरी फेटा ओढला. बाबांच्या कानातून इवलंसं यंत्र खाली पडलं. पडद्यामागे एक जण लॅपटॉप घेऊन बसला होता. सेवकाने पास स्कॅन केला की याच्यासमोर त्या भक्ताची माहिती उघडे, आणि हा ती बाबांच्या कानात वाची. लॅपटॉपवर ओळीने आमचेच चेहरे होते, डोळे मिचकावताना.

मामाजी ते पाहत राहिले. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, “साधना, दवाखान्यात चाल.”

ते वाचले. बाबा आणि त्याची टोळी पोलिसांच्या ताब्यात गेली. पण लॅपटॉपमधली माहिती आधीच आणखी कुठे पाठवली होती, म्हणे. कुठे, ते कळलेलं नाही. आम्ही आधारचे बोटांचे ठसे वगैरे लॉक केले, बँकेत कळवलं, सायबर पोलिसांत तक्रार दिली. तरी अनोळखी नंबर दिसला की नितेश अजून दचकतो. पासवर्ड बदलता येतो हो, चेहरा कसा बदलायचा?

मागच्या आठवड्यात मामाजींना फोन आला. खातं बंद पडेल, ओटीपी सांगा.

“पैले तू कोन, कुठचा, ते सांग,” मामाजी म्हणाले. “मंग मी तुह्या हापिसात येऊन पाहीन.”

फोन कटला.

माझं एवढंच मागणं आहे. दाढी असो, फेटा असो की सरकारी दिसणारी लिंक असो, जो तुमची ओळख मागतो त्याला आधी विचारा, तू कोण आणि तुला हे कशाला पाहिजे? धड उत्तर आलं नाही, तर काही देऊ नका.