एकच नाणं, दोन चिठ्ठ्या

कचेरीत तिला सगळे मॅडम म्हणायचे. पन्नाशी उलटून गेली तरी तिला चिमी म्हणणारा माणूस जगात एकच उरला होता, तिचा दादा.

मॅडमचं काम नाणी पारखायचं. दिव्याखाली नाणं कडेला धरून फिरवायचं, भिंगातून झीज, ओरखडे, चकाकी बघायची आणि सत्तरपैकी आकडा द्यायचा. मग ते नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद व्हायचं. आत आकड्याची चिठ्ठी, कोपऱ्यात पारखणाऱ्याची खूण. नाणं कुणाचं हे तिला कधी सांगत नसत. तसा नियमच होता.

दादा जन्मभर बसवर कंडक्टर. सुट्ट्या पैशांतून जुनी नाणी वेचता वेचता नाद लागला, आणि निवृत्तीनंतर तोच त्याचा जीव की प्राण झाला. नाण्यांच्या किमतींचं पुस्तक तो दरवर्षी नवं आणायचा, खाकी कव्हर घालायचा आणि जेवताना शेजारी घेऊन बसायचा. त्याच्या संग्रहात एक चांदीचं नाणं होतं, आई गेली त्या वर्षी घेतलेलं. चिमी घरी आली की ते तिच्या तळहातावर ठेवायचाच.

"सांग ना, किती देशील याला?"

"घरच्या नाण्याला मी आकडा देत नाही, दादा. सुंदर आहे, बास."

"अहो, बहीण भेटायला येते आणि तुम्ही तिला परीक्षेला बसवता!" वहिनी हसायची.

पण दादाच्या मनातून ते जाईना. पुस्तकात त्या नाण्याच्या एका आकड्याला एक भाव, चार-पाच आकडे वर गेलं की तिप्पट. आपलं नाणं नेमकं कुठल्या रकान्यातलं, हे त्याला मरायच्या आत जाणून घ्यायचं होतं. शेवटी एका ओळखीच्या दुकानदाराच्या नावाने त्याने ते चिमीच्याच कचेरीत पाठवलं.

एका रविवारी तो तिच्याकडे आला आणि खिशातून दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीवर अठ्ठावन्न, दुसरीवर त्रेसष्ट. दोन्हींवर तिचीच खूण.

"ही नाणी कुठली रे?"

"नाणी नाहीत. नाणं एकच. पहिल्यांदा अठ्ठावन्न आलं. पटेना, म्हणून डबी फोडून पुन्हा पाठवलं."

तिने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मग ती भराभर सांगत सुटली. कधी डोळे थकलेले असतात. आधी झिजलेलं नाणं पाहिलं की पुढचं उजळ वाटतं, आधी कोरं करकरीत पाहिलं की तेच फिकं वाटतं. सगळ्याच पारखणाऱ्यांचं असं होतं, दादा. शेवटी आकडा म्हणजे एका माणसाचं त्या वेळचं मत.

"मग पुस्तकवाले त्या मतावर तिप्पट भाव कसा छापतात?"

तिने चिठ्ठ्या उलट्या करून ठेवल्या.

"आकड्याचं सोड," दादा हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं होतं, तू बघताक्षणी फोन करशील. दादा, हे तुझंच ना रे, म्हणशील. दोनदा तुझ्या हातात आलं, चिमे. तुला ओळखू आलं नाही?"

दिवसभरात इतकी नाणी हातांखालून जातात, की ती नाणं बघतच नव्हती, नुसता दोष शोधत होती. हे त्याला सांगायचं कसं? दादाने चिठ्ठ्या उचलल्या, पाणी प्यायला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तिने कचेरीच्या मालकाला सगळं सांगितलं. "मॅडम, चार-दोन आकडे इकडे तिकडे व्हायचेच," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका." पण तिने लावून घेतलं. एकेका नाण्यावर ती अडखळू लागली, दिलेले आकडे खोडू लागली.

दादा भांडला नाही, अबोला धरला नाही. ती घरी गेली की मायेने विचारपूस करायचा. फक्त नाण्यांचं अवाक्षर काढायचा नाही. आजारी पडला तेव्हा दवाखान्यात ती त्याच्या उशाशी बसायची. दोनदा विषय ओठांवर आला, दोन्ही वेळा तो पाठ फिरवून झोपला, की त्याने झोपल्यासारखं केलं, कोण जाणे. थंडी सरता सरता तो गेला.

पुढे वहिनीने त्याचा डबा तिच्यासमोर आणून ठेवला. "वन्सं, बाकीची विकून टाकू. पण ते चांदीचं तुम्ही ठेवा. कुठलं ते तुम्हालाच कळणार."

डब्यात सगळी नाणी सुटी होती. प्लास्टिकच्या दोन्ही डब्या दादाने तेव्हाच फोडल्या होत्या, आता चिठ्ठ्याही कुठेच नव्हत्या. तशाच चांदीची, त्याच सालची दोन नाणी निघाली. दोन्ही उजळ, दोन्ही नीट जपलेली. जोडीचं दुसरं त्याने कधी घेतलं, वहिनीलाही ठाऊक नव्हतं.

तिने ती खिडकीपाशी नेली. भिंगाने पाहिली, भिंगाशिवाय पाहिली. डोळे मिटून एकेक तळहातावर ठेवून पाहिलं, तो ठेवायचा तसं.

"कुठलं हो?" वहिनीने विचारलं.

"नाही ओळखता येत, वहिनी," ती म्हणाली, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.