गणेराचं बी

मोतीराम सत्तावीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत माळी होता. मधल्या काळात पडेगावातलं त्याचं रान प्लॉटांत गेलं. त्यातल्याच एका प्लॉटवर दोन खोल्या बांधून तो आणि त्याची बायको लक्ष्मीबाई राहत होते. माती म्हणून त्याच्या हाताला लागायची ती आता फक्त कंपनीच्या बागेत.

२०१५ची दिवाळी झाली आणि कंपनीनं बागेचं पाणी तोडलं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, माणसांनाच टँकर पुरेना. आधी हिरवळ पिवळी पडली, मग गुलाब गेले, मग जास्वंदी. मोतीराम रोज यायचा, गळालेला पाला झाडायचा, पोत्यात भरायचा आणि बसच्या वेळेला घरी जायचा. काम कमी होतं, तरी अंगातलं बळ कुणी काढून घेतल्यासारखं व्हायचं.

सायकल स्टँडमागच्या भिंतीलगत एक झाड होतं, आधीच्या माळ्यानं लावलेलं. इतक्या वर्षांत त्याला कधी चार फुलंही धड आली नव्हती. मोतीराम मात्र एक दिवसाआड त्याला दोन बादल्या न चुकता घालत आला होता. जानेवारीत त्याचं शेवटचं पान गळालं. कंपनीचे साहेब म्हणाले, "मेलंय ते. दहा मेला तिथं गाड्यांची शेड करायचीय, तेव्हा तोडून टाकू."

मार्चमध्ये त्या झाडावर फुलं आली. पान एकही नाही आणि फांदीफांदीच्या टोकाला तळहाताएवढी पिवळीधमक फुलं. शिफ्ट सुटली की माणसं थांबून बघायची. ऑफिसातली सायली त्याला विचारू लागली, "मोतीरामकाका, काय हो नाव ह्याचं?"

मोतीरामनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हाईत नाय, ताई."

तिनं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. कुणी काटेसावर म्हणालं, कुणी पांगारा. "काटेसावर लाल असती, ताई. अन् ह्याला काटाच नाय," एवढं त्यानं सांगितलं. पण नाव सांगता आलं नाही, हे त्याला दिवसभर बोचत राहिलं.

रविवारी तो ओल्या फडक्यात दोन फुलं गुंडाळून औरंगपुऱ्यातल्या बियाण्याच्या दुकानात गेला. दुकानदारानं मान हलवली. "मागच्या गल्लीत तात्यासाहेब राहतात. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे. त्यांना दाखवा."

तात्यासाहेबांना मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं. त्यांनी फूल हातात घेतलं, पाकळ्या बोटांनी मोजल्या, मधला केसरांचा झुबका गालाला लावून पाहिला.

"झाडाला पान आहे?"

"एक बी नाय, साहेब."

"पावसाळ्यात येतं ते कसं? हाताच्या पंजासारखं?"

"व्हय. पाच बोटांचं."

"सालीला खाच पडली की डिंक येतो?"

"लई येतो."

"गणेर," तात्यासाहेब म्हणाले. "सोनसावरही म्हणतात. खडकाळ डोंगरावरचं झाड आहे हे. तुम्ही पाणी किती घालायचात?"

मोतीरामनं सांगितलं. तात्यासाहेबांनी फूल अलगद खाली ठेवलं. "हिवाळ्या-उन्हाळ्यात ह्याला कोरडं राहू द्यायचं असतं. पाणी मिळत राहिलं की पानं धरून बसतं, फुलत नाही."

"मंग म्या इतकी वर्सं नुसतंच पाणी ओतलं?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," तात्यासाहेब म्हणाले. "बसा. चहा घ्या."

चहा पिताना मोतीरामला त्या सगळ्या बादल्यांचा भार एकदम दंडांत जाणवला. तात्यासाहेबांनी बी कसं धरायचं ते सांगितलं. बोंड आपणहून तडकू द्यायचं. आत कापूस असतो, तो काढून टाकायचा. बी दगडावर जरासं घासायचं, वर कढत पाणी ओतायचं आणि रात्रभर त्यातच राहू द्यायचं.

बोंडं तडकेपर्यंत झाड राहू द्या म्हणून त्यानं विनवलं, पण कंपनीच्या साहेबांनी पंधरा दिवसही वाढवून दिले नाहीत. नऊ मेपर्यंत दोनच बोंडं तडकली होती. मोतीरामनं ती उतरवली आणि हिरवी चौदाही तोडून घेतली. दुसऱ्या दिवशी यंत्रानं झाड पाच मिनिटांत पाडलं. लाकूड मऊ होतं, करवतीला जोरही फारसा लागला नाही. महिनाअखेरीस त्यालाही सांगण्यात आलं, की बागच नाही तर माळी कशाला.

घरी त्यानं दुधाच्या पिशव्यांत माती भरून बी लावलं. आठ-आठ दिवसांनी टँकर यायचा. लक्ष्मीबाई कावली. "अवं, माणसाला प्याया नाय अन् पिशव्यांला पाणी?"

"तांदूळ धुतलेलं घालतो. नवं नाय घेत."

हिरव्या बोंडांतलं बी सगळं कुजलं. मोतीराम रोज सकाळी पिशव्यांपुढं उकिडवा बसायचा आणि उठताना गुडघे धरायचा. विसाव्या दिवशी त्यानं बघणंच सोडलं. नंतर एकदा तो बाजारातून आला, तर पिशव्या भिंतीच्या सावलीला सरकवलेल्या आणि वर लक्ष्मीबाईचं जुनं लुगडं बांधलेलं.

"शेळ्या येत्यात," ती म्हणाली. "चार उगवल्यात. बगा."

ऑगस्टपर्यंत रोपं वीतभर झाली. एक त्यानं तात्यासाहेबांना नेऊन दिलं. त्यांनी पान चाचपलं, पाच बोटं मोजली आणि म्हणाले, "फुलायला सात-आठ वर्षं तरी लागतील."

मोतीराम साठीचा होता.

प्लॉटांच्या मधे थोडी मोकळी जागा होती, तिथं कधीकाळी त्याच्याच रानाचा बांध होता. शेजारच्यांना विचारून त्यानं तिथं खड्डा घेतला. पिशवी फाडली तर खाली मुळ्यासारखं जाड मूळ धरलेलं. त्यानं ते लक्ष्मीबाईला दाखवलं.

"उन्हाळ्यात पाणी?" तिनं विचारलं.

"नाय द्यायचं."

"अन् मेलं तर?"

"मेलं तर मेलं. अजून दोन हायेत घरी."

माती दाबून झाल्यावर त्याला लगेच उठवेना. लक्ष्मीबाई कुदळ घेऊन पुढं निघाली होती. ती मागं वळली, कुदळ खाली ठेवली आणि हात पुढं केला.